हाल्वोरचा सल्ला

मला फसवणं सोपं नाही! अख्ख्या वॉसमध्ये, छे, अख्ख्या नॉर्वेत माझ्याइतका सावध माणूस सापडायचा नाही. म्हणून तर सासरेबुवांनी अट घातली तेव्हा मी छाती फुगवून हो म्हणालो.

सासरेबुवांचे हात आता थकले. त्यांच्या घरचं यीस्ट, म्हणजे बिअरचं विरजण, पणजोबांपासून चालत आलेलं. ते म्हणाले, "जावईबापू, चमचाभर घेऊन जा. एक पिंप बिअर करून दाखवा. पिण्याजोगी झाली तर विरजण तुमचं. नाहीतर विरजणाची बाटली हाल्वोरला देतो."

हाल्वोर म्हणजे आमचा शेजारी. बिअर करण्यात पटाईत. दुसऱ्याच दिवशी हा गृहस्थ कुंपणाशी हजर!

"ओस्मुन, पहिलीच वेळ ना तुझी? हलकी, सोनेरी कर. एकच साधं माल्ट घे, जाडसर भरड. सहसा बिघडत नाही."

मी कान टवकारले. विरजण ज्याला मिळायचंय तो मला फुकट सल्ला का देईल? पाणी कुठेतरी मुरतंय!

घरी बायकोला विचारलं. मार्गिट म्हणाली, "हलकीच कर रे बाबा."

म्हणजे घरही फितूर!

माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या दुकानात गेलो, तर तिथली बाईसुद्धा म्हणते, "नवशिक्याला हलकीच बरी." हाल्वोरचे हात इथवर पोचलेत याची मला कल्पना नव्हती!

"सगळ्यात अवघड कुठली?" मी विचारलं.

"काळी, धुरकट. भले भले बिघडवतात."

"तिचंच सामान द्या!"

हाल्वोर जाडसर म्हणाला होता, म्हणून मी माल्ट अगदी पिठासारखं दळलं. गरम पाण्यात घातल्यावर त्याचा जो चिखल झाला! पिंपाची तोटी उघडली, थेंब पडेना. शेवटी स्वयंपाकघरातला पडदा काढला आणि त्यातून सगळं पिळलं.

मग विरजण घालायची वेळ आली. आमच्याकडची जुनी रीत अशी, की तेव्हा जोरात ओरडावं लागतं, नाहीतर बिअरला जोर येत नाही. पण ओरडलो तर हाल्वोर येणार डोकवायला! मी घोंगडीत तोंड खुपसलं आणि जीव खाऊन ओरडलो.

दार धाडकन उघडलं. पुढे मार्गिट, मागे कुऱ्हाड घेतलेला हाल्वोर!

"कोण गळा दाबतंय याचा?" हाल्वोरनं विचारलं.

"कोणी नाही," मी घोंगडीतून म्हणालो. "विरजण घालतोय."

हाल्वोरनं पिंपात डोकावून पाहिलं. मग मान हलवत घरी गेला. बघा, किती पोचलेला माणूस!

बिअर तयार झाल्यावर सासरेबुवांनी वाडगा तोंडाला लावला. एक घोट घेतला आणि वाडगा दूर सारला.

"कशी झालीय?"

"होडीला लावा. डांबराचा खर्च वाचेल."

विरजणाची बाटली हाल्वोरच्या काखेत गेली. मार्गिटच्या माहेरचं विरजण परक्या घरी चाललं होतं, ती डोळे पुसत होती. मला तर रडूच आलं हो!

रविवारी हाल्वोर विरजणाची बरणी घेऊन आला. "यातलं थोडं घे. पुन्हा करून बघ, म्हाताऱ्याला मी समजावतो. पण हलकीच्या नादी लागू नकोस हं, ती तुला जमायची नाही. काळीच कर. माल्ट पिठासारखं दळ. आणि घोंगडीतच ओरड!"

आता मात्र मी त्याला पुरता ओळखला! हलकी केली. माल्ट जाडसर भरडलं. अंगणात उभा राहून असा ओरडलो की तळ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली.

सासरेबुवांनी वाडगा रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. मग म्हणाले, "हाल्वोर, यांची बाटली यांना परत दे." मार्गिटनं सगळ्यांदेखत मला मिठी मारली.

हाल्वोरचं पडलेलं तोंड बघायला मी वळलो. तर तो हसत होता! मार्गिटही त्याच्याकडे बघून हसत होती. हातातलं विरजण गेल्यावर माणूस हसेल कशाला? नक्की काहीतरी शिजतंय. मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून आहे!