नळ उघडा, घर बंद

भुवनेश्वरी कलशेट्टीच्या फ्रिजवर दोन कागद चिकटवलेले होते. एकावर तिच्या सरावाचं वेळापत्रक, दुसऱ्यावर नळाचं. हे दोन कागद एकमेकांच्या वाटेत कधीही येणार नाहीत असा चोख बंदोबस्त आपण केला आहे, असं ती भवानी पेठेत कुणालाही ठणकावून सांगायची. शाळेत गणित शिकवणारी बाई! वेळेची मांडणी चुकते कशी?

"पाणी पाच दिवसांनी, म्हणजे सोमवारी. माझी शर्यत रविवारी. बसतंय की नाही?" शनिवारी संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरात जाहीर केलं.

"कागदाला इचारून येतंय व्हय पाणी?" सासूबाई शांतम्मा म्हणाल्या.

सासूबाईंचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. गावात पाणी कधी एक दिवस उशिरा येई, कधी न सांगता एक दिवस आधी. म्हणून गल्लीतल्या प्रत्येक घराप्रमाणे कलशेट्टींच्या अंगणातला नळही कायम उघडा असायचा, आणि त्याखाली एक पातेलं पालथं घातलेलं असायचं. पाणी आलं की पातेलं डणडण वाजायचं, आणि घरातलं जे कुणी जागं असेल ते पाइप घेऊन टाकीकडे धावायचं. नळ बंद व्हायचा तो फक्त टाकी, पिंप, बादल्या, घागरी सगळं भरल्यावर. तोही दुसऱ्या दिवशीपर्यंत.

शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. आधी साडेसातशे मीटर पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर धावायचं, आणि हे सगळं सव्वादोन तासांत. अडतिसाव्या वर्षी, अकरा वर्षांच्या मुलीची आई असताना, भुवनेश्वरीनं हे खूळ डोक्यात घेतलं होतं. आठ महिने ती पहाटे उठून सराव करत होती. घरी कुणालाच तिचं पटलं नव्हतं असं नाही. नवरा मंजुनाथ पाठीशी होता. मुलगी अक्षता तर शाळेत सगळ्यांना सांगत सुटली होती. राहिल्या शांतम्मा.

"लेकीच्या आईनं त्या असल्या चड्डीवर गावातनं पळायचं? अय्यो शिवने! मी न्हाई येणार बघायला."

"नका येऊ, अत्ती," भुवनेश्वरी म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. कारण घरी कुणीतरी हवंच होतं. पुढच्या खोलीत मंजुनाथचा माल उतरवलेला होता. हैदराबादच्या एका हॉटेलसाठी सहाशे पांढरेशुभ्र टॉवेल, प्रत्येकावर हॉटेलचं नाव विणलेलं, सोमवारी ट्रान्स्पोर्टला द्यायचे. गठ्ठे जमिनीवर होते. अंगणाची मोरी एवढीशी. दोन वर्षांपूर्वी नळ नुसता अर्धा तास वाहिला होता, तर पाणी उंबऱ्यावरून थेट त्या खोलीत गेलं होतं. त्या वेळी तिथं तांदळाचं पोतं होतं. आठवडाभर सगळ्यांनी खिचडी खाल्ली होती. टॉवेलची खिचडी होत नाही!

रविवारी पहाटे साडेचारला तिनं निघता निघता नळाखालचं पातेलं नीट केलं, सासूबाईंच्या दाराशी जाऊन "अत्ती, येते," म्हणाली, आणि सायकलवर टांग टाकली. मंजुनाथ आणि अक्षता मागून स्कूटरवर येणार होते.

साडेसहाला पोहण्याच्या तलावाच्या काठावर पन्नासेक जण रांगेत उभे होते. भुवनेश्वरीच्या डोक्यावर पिवळी टोपी, दंडावर काळ्या शाईनं सत्तावीस नंबर. कागदावरचा हिशेब तोंडपाठ होता : पोहणं पंचवीस मिनिटं, कपडे-बूट तीन, सायकल पंचावन्न, धावणं चाळीस. दोन तास तीन मिनिटं. वर बारा मिनिटं शिल्लक. तिनं एकदा गॅलरीकडे पाहिलं. मंजुनाथ हात हलवत होता. अक्षतानं 'मम्मी नंबर २७' असा पुठ्ठा धरला होता. आणि तिच्या शेजारी...

शेजारी इरकल नेसून, मांडीवर डबा घेऊन शांतम्मा बसल्या होत्या!

त्यांच्या पलीकडे शेजारच्या चंद्रव्वा. म्हणजे ज्यांच्याकडे घर सोपवून यावं, त्याही इथंच.

'अत्ती इथं. मग घरी कोण?'

शिट्टी वाजली.

पन्नास माणसं पाण्यात कोसळली आणि भुवनेश्वरीही कोसळली. ती दर दुसऱ्या हाताला डावीकडे श्वास घ्यायची. डावीकडे गॅलरी होती. पहिल्या श्वासाला तिला शांतम्मांचा डबा दिसला. दुसऱ्या श्वासाला मनात नळ उघडा दिसला. तिसऱ्या श्वासाला सहाशे टॉवेल पोहताना दिसले, आणि तेही तिच्यापेक्षा सुबक शैलीत!

चौथ्या श्वासाला ती ओरडली, "अहो! न..." आणि तोंडात पाणी गेलं. पाचव्याला पुन्हा. सहाव्याला ठसका. तोवर काठावरून जीवरक्षक ज्ञानबा लांब बांबू घेऊन धावत आला.

"ताई, धरा! बांबू धरा!"

"धरत... नाही..."

"धरल्याबिगर कसं काढू तुम्हाला?"

"काढू नका!"

वर गॅलरीत शांतम्मा उभ्या राहिल्या होत्या. "मंज्या, अरे बुडाली की रे ती! ते बाबा काढतंय आन् ही बांबू धरंना! लाजतीय व्हय आता?"

तीस फेऱ्यांपैकी किती झाल्या हे भुवनेश्वरी दोनदा विसरली. मोजणाऱ्या मुलीनं "झालं, मॅडम, झालं!" असं ओरडून सांगितलं तेव्हा ती बाहेर आली. अठ्ठावीस मिनिटं. तीन मिनिटं पाण्यात गेली.

सायकली उभ्या करायच्या जागेभोवती दोरी होती. दोरीपलीकडे मंजुनाथ धापा टाकत येऊन थांबला, मागोमाग अक्षता आणि शांतम्मा. ती बूट चढवताना ओरडली, "अहो, घरी कुणी नाही! नळ उघडाय!"

मंजुनाथचा चेहरा त्या हॉटेलच्या टॉवेलसारखा झाला. "अव्वा! नळ बंद केलास का गं?"

"नळ?" शांतम्मांना प्रश्नच विचित्र वाटला. "नळ कोण बंद करतंय? पाणी आलेलं कळायला नको?"

"पण ऐकायला घरी कोण आहे, अव्वा!"

शांतम्मांचा आवाज उतरला. त्यांच्या सत्तर वर्षांत हे फार वेळा झालेलं नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "जीव लागंना रे घरी. पोरगी पाण्यात उतरणार म्हटल्यावर... चंद्रव्वा म्हणली चल, आले."

भुवनेश्वरीनं हे ऐकलं, पण थांबायला सवड नव्हती. "तुम्ही जा घरी! लवकर!" असं म्हणून ती सायकल घेऊन निघाली. एकूण चार मिनिटं गेली होती. आता तिला जरा हायसं वाटलं. मंजुनाथ दहा मिनिटांत घरी पोहोचेल, नळ बंद करेल. सगळं पुन्हा कागदावर बसलं!

इकडे मंजुनाथनं स्कूटरला किल्ली लावली आणि घराची किल्ली मागितली. शांतम्मांनी पदराची गाठ सोडली. मग कमरेचा बटवा उपसला. मग डबा उघडून कडक भाकरीखालीसुद्धा पाहिलं. "कुलूप मीच लावलं की. मग हितं आल्यावर अक्षीला दिली. नीट ठेव म्हणले."

"मी नीटच ठेवलीय," अक्षता शांतपणे म्हणाली. "मम्मी म्हणते ना, महत्त्वाची वस्तू सीटखालच्या पिशवीत. दोरीतनं हात घालून ठेवली."

"कुठल्या सीटखालच्या?"

"मम्मीच्या सायकलच्या."

विजापूर रस्त्यावर आठव्या किलोमीटरला भुवनेश्वरीला मागून ओळखीचा हॉर्न ऐकू आला. वळून पाहते तर स्कूटरवर मंजुनाथ, पुढे अक्षता, मागे पदर खोचलेल्या शांतम्मा! हे लोक घरी का गेले नाहीत? म्हणजे जाऊन आले? म्हणजे व्हायचं ते झालं आणि सांगायला आले? तिचे पाय आपोआप जोरात फिरले. पुढचे दोघे मागे पडले. आठ महिन्यांत तिनं हा वेग कधी गाठला नव्हता!

"थांब!" मंजुनाथ ओरडला.

"भिजले का?" ती ओरडली.

"किल्ली!"

"किती भिजले?"

इतक्यात पिवळ्या जाकिटातला एक तरुण मोटारसायकलवरून त्यांच्यामध्ये शिरला. छातीवर पाटी : सिद्धांत, निरीक्षक. गळ्यात शिट्टी.

"मॅडम! स्पर्धकाच्या सोबत गाडी चालत नाही. बाहेरची मदत घेतली की बाद. त्यांना लांब करा!"

भुवनेश्वरीनं ब्रेक लावला. आठ महिन्यांचा सराव एका बाजूला, सहाशे टॉवेल दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये शिट्टीवाला. मंजुनाथनं धापा टाकत सगळा प्रकार सांगितला. तिनं सीटखाली हात घातला. किल्ली खरंच तिथं होती.

"हात लावू नका," सिद्धांत म्हणाला. "वस्तूची देवाणघेवाण म्हणजे मदत. मी नंबर लिहून घेतला तर..."

भुवनेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती किल्ली काढणारच होती. बाद तर बाद! नवऱ्याचं धंद्यातलं नाव त्या खोलीत जमिनीवर पडलेलं होतं. पण त्याआधी शांतम्मा स्कूटरवरून उतरल्या आणि सिद्धांतसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय म्हणतंय तुझं पुस्तक? मदत घेतली तर बाद?"

"हो, आजी. घेतली तर बाद."

"मग ही कुटं घेतीय? देतीय की! देणाऱ्याला बाद करा असं लिवलंय का? दाखव."

सिद्धांतनं मोबाइल काढला. नियमावली उघडली. वर सरकवली, खाली सरकवली. मिनिट गेलं.  एकेक सायकल सर्रकन पुढे जात होती.

"तिच्याकडनं किल्ली आमी घेणार," शांतम्मा पुढे म्हणाल्या. "मदत तिनं आमाला केली. आमी तर शर्यतीत न्हाई. बाद कर आमाला, खुशाल!"

"देण्याबद्दल... काही लिहिलेलं दिसत नाही," सिद्धांत म्हणाला.

"मग व्हय बाजूला. आन् भुवना, तू काय बघतीस? पळ की!"

ज्या सुनेला पळू नको म्हणून आठ महिने बजावलं, तिलाच! भुवनेश्वरीनं किल्ली दिली आणि निघाली. पाच मिनिटं गेली होती.

त्यानंतरचा तास तिनं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. सायकल ठेवली, धावायला लागली. पहिल्या किलोमीटरला पाणी उंबऱ्यापाशी आलं. दुसऱ्याला आत शिरलं. तिसऱ्याला खालचा गठ्ठा फुगून वरचा गठ्ठा कलला. चौथ्या किलोमीटरला पाणी वाटणाऱ्या मुलीनं पेला पुढे केला तेव्हा तिला तो बघवेना. पोटरीत गोळा आला. घड्याळात आठ पस्तीस. दहा मिनिटं उरली होती आणि एक किलोमीटर.

शेवटच्या वळणावर दोरीपाशी तिघं उभे होते. मंजुनाथनं दोन्ही हात वर केले. "कोरडं! सगळं कोरडं! थेंबसुद्धा आला नव्हता!"

तिनं पोटरी विसरून उरलेलं अंतर कापलं. दोन तास अकरा मिनिटं. चार मिनिटं राखून! अक्षतानं उड्या मारल्या. चंद्रव्वांनी भुवनेश्वरीच्या अंगावर शाल घातली. शांतम्मांनी सुनेच्या गळ्यात पडलेलं पदक उलटसुलट करून पाहिलं, "लई हलकं हाय," म्हणाल्या, आणि मग बघणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवत सुटल्या. त्यांनी सिद्धांतलाही बोलावून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायला घातली. फोटो झाले. इडल्या झाल्या. पुन्हा फोटो झाले.

"नळाचं काय केलंत?" भुवनेश्वरीनं तिसऱ्या इडलीला विचारलं.

"बंद केला. पान्हा लावून आवळलाय," मंजुनाथ अभिमानानं म्हणाला. "आता घाईच नाही."

अकराला सगळे भवानी पेठेत पोहोचले तेव्हा गल्ली ओली होती. घरोघरी दोऱ्यांवर धुणं वाळत होतं. चंद्रव्वांची सून दारातली फरशी धूत होती. बादल्याच्या बादल्या ओतून!

"पाणी आलं होतं?" भुवनेश्वरीनं विचारलं.

"व्हय की, वहिनी! नवाला आलं, साडेदहाला गेलं. लई जोर होता आज. तुमच्याकडं डोकावले मी भिंतीवरनं. नळ बंद दिसला. म्हटलं, यांचं भरून झालं वाटतं."

टाकीत वीतभर पाणी होतं. आणि आज येऊन गेलं म्हणजे पुढचं पाणी पाच दिवसांनी, शुक्रवारी. घाम, रस्त्याची धूळ आणि दंडावरची काळी शाई यांच्यासकट भुवनेश्वरी खुर्चीवर बसून राहिली. पुढच्या खोलीत सहाशे कोरडे टॉवेल होते. पुसायला काही नव्हतं.

सोमवारी पहाटे साडेपाचला ती तलावावर सरावाला गेली, तेव्हा तिच्यामागे मंजुनाथ, अक्षता आणि शांतम्मा अशी रांग होती. प्रत्येकाच्या हातात बदलायचे कपडे. ज्ञानबानं बांबू खाली ठेवला.

"ताई, सराव कुणाचा?"

उत्तर शांतम्मांनी दिलं. त्या भिंतीवरच्या पाटीसमोर थांबल्या होत्या, आणि या खेळातला एखादा नियम त्यांना पहिल्यांदाच मनापासून पटला होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला, "तलावात उतरण्यापूर्वी साबण लावून स्वच्छ अंघोळ करणे बंधनकारक आहे." मग कनवटीची साबणवडी काढून म्हणाल्या, "उतरायचं मागनं बघू, बाबा. आधी नियम पाळतो."