तुळाजी अस्वलाचा वलंदेज बॅले

खाडीकाठच्या एका जंगलात मिरीचे वेल फार होते. म्हणून तिथे वलंदेज बदकं आली. वलंदेज म्हणजे डच, मुलांनो. समुद्रापलीकडून आली, वखार बांधून बसली आणि जाता जाईनात.

संध्याकाळी त्यांना करमेना. मग त्यांनी नाटकघर बांधलं आणि मायदेशाहून एक विनोदी बॅले मागवला. बॅले म्हणजे ज्यात कुणी बोलत नाही, आणि तरी सगळं समजल्यासारखा चेहरा करावा लागतो.

गोष्ट सोपी होती. एक लठ्ठ गिरणीवाला लाकडी बूट घालून नाचतो. बायकोवर छाप पाडायला गिरकी घेतो आणि पिठाच्या हौदात पडतो. बायको हसते. संपलं.

पण गिरणीवाला झालेल्या बदकाला इथलं ऊन सोसेना. तो मिळेल त्या जहाजाने घरी गेला. त्याचा ढगळ अंगरखा दुसऱ्या कुणाला बसेना. शेवटी वखारीचा बडा साहेब हमालांकडे पाहू लागला. तुळाजी अस्वल मिरीचं पोतं घेऊन चालला होता. अंगरखा त्याला नेमका बसला.

"नाचता येतं का रे?"

"पाय आहेत, साहेब," तुळाजी म्हणाला.

तो नाचला. बूट खाडखाड वाजले. गिरकी घेऊन तो पिठात पडला आणि पांढरा होऊन उठला. साहेब इतका हसला, की खुर्चीसकट उलटा झाला.

तुळाजी घरी आला तो तरंगतच. "गोजरे," तो बायकोला म्हणाला, "मी काही पोती वाहायला जन्मलो नव्हतो बघ."

"आधी ते पीठ झटका," गोजरी म्हणाली. "पोरं ओळखेनात तुम्हाला."

मग साहेब बदलला. नवा साहेब गोल होता आणि डुलत चालायचा. तुळाजी मंचावर येताच मागच्या रांगेतली माकडं एकदा गिरणीवाल्याकडे, एकदा साहेबाकडे पाहू लागली. "जुळे का हो?" एकाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. गिरणीवाल्याने पडायचं नाही. बायकोने हसायचं नाही.

त्यानंतरचा साहेब फार देवभक्त होता. अस्वलाने चारचौघांत पाय उचलणं त्याला अश्लील वाटलं. तेव्हापासून तुळाजी पडदा उघडल्यावर हौदाशेजारी उभा राहायचा आणि पडदा पडेपर्यंत उभाच असायचा. बदकं टाळ्या वाजवायची. "किती खोल आहे!" असं एकमेकांना सांगायची.

तुळाजीला जेवण जाईना.

"काय झालं?" गोजरीने विचारलं.

"उभा राहून दमलो गं."

"पोती वाहून तर दमत नव्हता?"

"तेव्हा हलत तरी होतो."

पुढच्या खेळाला त्याच्याने राहवेना. तो नाचला, गिरकी घेतली आणि धाडकन पिठात पडला. पहिल्या रांगेवर पीठ उडालं. साहेब ताडकन उठला.

"हा जंगली धिंगाणा कुणी शिकवला तुला?"

"तुम्हीच, साहेब. तुमच्याच देशाचा आहे."

"खोटं! आमच्या बॅलेत कुणी हलत नाही!"

तुळाजीला खाडीपलीकडे हाकललं. हमालीही गेली. गोजरी भांडीकुंडी घेऊन मागोमाग गेली. तिथल्या वाळूत तुळाजी मन मानेल तेव्हा नाचू लागला. पिठाऐवजी चिखलात पडू लागला. सगळं जंगल बघायला लोटलं. तरणी बदकंसुद्धा ओळखू येऊ नये म्हणून डोक्यावर पानं घेऊन यायची आणि पोट धरधरून हसायची.

पुढे मिरी दुसरीकडे स्वस्त मिळू लागली आणि बदकं निघून गेली. जंगल स्वतंत्र झालं. कोल्हा सांस्कृतिक मंत्री झाला. त्याने नाटकघराला रंग दिला आणि 'आपला थोर वारसा' पुन्हा सुरू केला.

म्हातारा तुळाजी गोजरीचा हात धरून हौसेने गेला. पडदा उघडला. एक तरुण अस्वल हौदाशेजारी उभं होतं. उभंच होतं. तुळाजीला हसू आवरेना. तो खो खो हसत सुटला.

कोल्हा धावत आला. "आजोबा, अभिजात कला कळत नसेल तर बाहेर बसा."

"अहो, तो गिरणीवाला आहे! तो पडतो!"

"आमच्या परंपरेत कुणी पडत नाही," कोल्हा म्हणाला आणि त्याने दारावरच्या रानडुकरांना खूण केली.

रानडुकरांनी तुळाजीला उचलून पायऱ्यांवर आणून ठेवलं. त्याचे डोळे भरून आले. गोजरीने त्याच्या अंगावरची धूळ झटकली.

"चला घरी," ती म्हणाली. "आपल्याला चालायची तरी परवानगी आहे अजून."

तात्पर्य : कला टिकवायची असेल, तर तिला हलू देऊ नये.