नाही त येतो

गुलाबराव काका पगारवाढ मागायची तालीम वजनकाट्यावर उभे राहून करायचे. वाशीमच्या ज्या दालमिलमध्ये मी बिलं करतो, तिथला ट्रकचा काटा त्यांच्याकडे आहे. ट्रक नसला की त्या लोखंडी पत्र्याच्या मधोमध उभं राहायचं, टोपी काढायची आणि समोरच्या कडुनिंबाला म्हणायचं, "शेठ, एक इनंती होती."

"काट्यावर काहून, काका?"

"शब्दाले वजन येते बापू."

झाडाशी ते फार सुरेख बोलत. शेठसमोर गेले की मात्र, "तब्बेत बरी हाये ना?" एवढं विचारून परत येत. शेठची तब्येत तालुक्यात कोणी इतक्यांदा विचारली नसेल.

मला हे सहन होईना. माझ्या वडिलांनी आयुष्यभर मोर्चांची पत्रकं वाटली. उरलेली घरात डब्यांखाली अंथरलेली असत. मी वाचायला शिकलो तो त्यांच्यावरच. अजूनही जेवताना आई म्हणते, "भाजीत मीठ कमी हाये एवढंच सांग, निषेध नको करू." आता माझ्या स्वतःच्या पगाराचं म्हणाल, तर तो मी कधी वाढवून मागितला नव्हता. व्यक्तिगत मागणीनं लढा कमजोर होतो, हे माझं तत्त्व. शेठच्या केबिनबाहेर उभं राहिलं की ते विशेष जोर धरायचं.

तेव्हा मी काकांनाच लढ्यात उतरवलं. 'इनंती' काढून टाकली. नवं भाषण लिहून दिलं: ही भीक नाही, हक्क आहे, पगार वाढवा, नाहीतर मी जातो. काकांनी ते झाडासमोर पाठ केलं आणि आत गेले. मी बिलं घेऊन दाराशी.

"शेठ, भीक नाही, हक्काचं मांगून राह्यलो. पगार वाढवा."

शेठनी चष्म्यावरून पाहिलं. "नाही त?"

"नाही त," काका म्हणाले, आणि अडकले. "नाही त... येतो."

"या," शेठ म्हणाले.

बाहेर आल्यावर मी भडकलो. "काका, जातो म्हनायचं होतं. अख्खा लढा एका क्रियापदावर पडला."

"निंगतानी मानूस जातो म्हनते काय? येतो म्हनते."

"तो निरोप नव्हता, धमकी होती."

"असन. मले नाही निंगत तोंडातून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फटफटी घेऊन काकांच्या गावी, रिठदला गेलो. काकांना घेऊन येता येता वाटेत 'जातो' घोटून घ्यायचं ठरवलं होतं. काका निघायच्या बेतात होते. दार ओढलं, फटीशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाले, "येतो वं."

"काकू हायेत घरात?"

"नाही रे. तिले जाऊन लय वर्सं झाले." ते कुलूप लावत होते. "दवाखान्यात निंगाली, तवा दारात म्हने, जाते. चुकून. मी म्हनलं, येते म्हन. तेवढ्यात गाडीवाल्यानं हारन देल्ला."

वाशीमपर्यंत मी एकही शब्द घोटून घेतला नाही.

या वेळी मीही आत गेलो. काकांनी मागणी मांडली. शेठ म्हणाले, "नाही त?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. डब्यांखालचं एकही पत्रक मला आठवेना.

"नाही त येतो," मी म्हणालो.

शेठ "या" म्हणायला तोंड उघडणार, तोच काका बोलले, "उद्या येतो. परवा बी येतो. रोज येतो शेठ, हेच मांगाले."

शेठनी कप खाली ठेवला. काकांना ते चांगले ओळखत होते. हा माणूस खरंच येईल.

"बसा," ते म्हणाले.

वाढ फार नव्हती, पण झाली. माझीही झाली, न मागता. तत्त्व शाबूत राहिलं.

संध्याकाळी काकांना घरी सोडलं. त्यांनी कुलूप काढलं, टोपी काढली आणि उंबऱ्यातच थांबले.

"आलो वं," ते आत म्हणाले. "वाढला."

मी फटफटी सुरू केली नाही. कोपऱ्यापर्यंत ढकलतच नेली.