मनोहरचा पूर्ण परतावा

"आज ह्यांच्याकडून आपले पैसे काढून दाखवतोच!" ह्यूस्टनला विमानातून उतरता उतरता मनोहरने बायकोला सांगितलं, आणि ते इतक्या मोठ्यांदा की पुढचं रडणारं बाळ दचकून गप्प झालं.

"कुणाकडून?" रत्नाने विचारलं.

"एअरलाइनकडून! तिकिटात मेक्सिकोचा टुरिस्ट टॅक्स लावलाय. आपण काय टुरिस्ट आहोत? सहा वर्षं ग्वादलाहारात राहतोय, रेसिडेंट कार्ड आहे, टोमॅटोवाला नावाने हाक मारतो! आपल्याला हा टॅक्स माफ असतो. मागितला की परत मिळतो."

"किती आहे?"

"माणशी चाळीस-पन्नास डॉलर. पण प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे!"

तत्त्वाचं नाव निघालं की रत्ना विषय बदलायची. "आधी काकांकडे पोचू या ना. परतताना बघ."

कृष्णाकाका म्हणजे मनोहरच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेले तेव्हा मनोहर नववीत होता. पुढचं त्याचं सगळं काकांनी नागपुरातल्या दोन खोल्यांत, एका कारकुनी पगारात केलं. आता ते नुअर्कजवळ वेस्ट विंडसरला मुलीकडे, सुलेखाकडे राहत होते, आणि उद्या सकाळी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. "बाकी कोणी आलं नाही तरी चालेल, मन्या पाहिजे," असं त्यांनी फोनवर बजावलं होतं.

नुअर्कचं पुढचं विमान तीन तासांनी होतं. रत्ना कॉफी आणायला गेली आणि मनोहर रांगेत शिरला. ही रांग हरवलेल्या सामानाची निघाली. दुसरी व्हीलचेअरची. तिसऱ्या काउंटरवर दाढीवाला तरुण अगदी अदबीने म्हणाला, "बोला सर."

मनोहरने दोन्ही रेसिडेंट कार्डं आणि तिकिटं पत्त्यांतल्या हुकमाच्या एक्क्यासारखी आपटली. "रिफंड पाहिजे!"

"दोघांचा?"

"दोघांचा!"

"टॅक्स धरून?"

"टॅक्सच तर पाहिजे! एक सेंटसुद्धा सोडणार नाही!"

"सर, न वापरलेल्या तिकिटाचा पूर्ण रिफंड? नक्की?"

'पूर्ण' ह्या शब्दाने मनोहर सुखावला. बाकीचं वाक्य त्याच्या कानांवरून वाऱ्यासारखं गेलं. माझा अभ्यास बघून पोरगं घाबरलं, असंच त्याला वाटलं. "शंभर टक्के नक्की!"

तरुणाने बटणं दाबली आणि कागद हातात दिला. तो न वाचता घडी घालून मनोहर असा परतला, जसा काही किल्ला सर करून आलाय!

"दहा मिनिटांत काम! लोक उगाच घाबरतात," त्याने रत्नाला सांगितलं.

गेटवर बोर्डिंग सुरू झालं. मनोहरचा पास लावला, लाल दिवा. रत्नाचा लावला, लाल दिवा.

"सर, तुमचं रिझर्व्हेशन कॅन्सल झालंय," गेटवरची बाई म्हणाली.

"कोणी केलं?"

तिने स्क्रीन बघितला. मग मनोहरकडे बघितलं. "तुम्हीच, सर. तासाभरापूर्वी. पुढचं आणि परतीचं, दोन्ही."

रत्नाने त्याच्या खिशातून कागद काढून वाचला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त घडी पुन्हा नीट घातली.

"चूक झाली! मला फक्त टॅक्स पाहिजे होता! आम्हाला बसू द्या!"

"सीट्स वेटिंगवाल्यांना दिल्या, सर." आणि खरंच, एक जोडपं आनंदाने नाचत त्यांच्या समोरून आत गेलं. नवऱ्याने तर मनोहरला 'थँक यू' म्हटलं! वाटेत दिसेल त्या प्रत्येकाला म्हणत असावा, पण मनोहरला ते वर्मी लागलं.

शुक्रवार असल्यामुळे सगळी विमानं भरलेली. जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, पहिल्या तिकिटाच्या तिप्पट भावाने.

सुलेखाला फोन करणं सगळ्यात अवघड होतं. "दादा, बाबांना काय सांगू?" ती म्हणाली.

"विमान रद्द झालं म्हणून सांग."

"खोटं नको बोलूस," रत्ना पहिल्यांदाच बोलली. मग तिनेच फोन घेऊन खरं ते सांगितलं.

शनिवारी ते वेस्ट विंडसरला पोचले तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. पाहुणे गेले होते. सुलेखाची मुलगी आन्या उरलेले लाडू डब्यात भरत होती. काका साध्या पायजम्यात सोफ्यावर बसले होते. मनोहर वाकला, तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"काहून रे मन्या, मिळाले का पैसे?"

"हो काका. सगळेच मिळाले."

काका इतके हसले की सुलेखा पाणी घेऊन धावली. मनोहरही हसायला गेला, जमलं नाही.

"बारापर्यंत थांबलो रे," काका डोळे पुसत म्हणाले. "मग भटजी म्हणाले, मुहूर्त जातो. मी म्हटलं, ओवाळा."

जेवताना आन्याने टॅबलेट आणून दिला. "Uncle, you want to see?"

मनोहरने एकेक फोटो सरकवला. रेशमी उपरणं घेतलेले काका, दिव्यांचं ताट, टाळ्या वाजवणारी पंचवीस-तीस माणसं. प्रत्येक फोटोत काकांच्या उजवीकडची खुर्ची मोकळी होती.

"तिथे बाबांनी कुणालाच बसू दिलं नाही," सुलेखा वाढता वाढता म्हणाली.

मनोहरने फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. खुर्ची अगदीच मोकळी नव्हती. कुणीतरी तिच्यावर आपला कोट टाकला होता.