सीटला दिलेलं आवतण

आमच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटमध्ये गुणवंतभाऊंचा सगळा थकवा राहून गेला, त्यामुळे नोकरी सोडून घरी गेल्यापासून त्यांना झोप लागेना.

यात नवल काही नाही. चामड्यात घाम मुरतो, तेल मुरतं, तसा थकवाही मुरतो. साधी रेक्झिनची सीट असती तर तो वरच्यावर राहिला असता आणि ओल्या फडक्याने निघाला असता. पण गाडी घेताना मीच हौसेने चामड्याच्या सीटा निवडल्या होत्या, त्याही कणकेच्या रंगाच्या. आई तेव्हाच म्हणाली होती, की खेड्यापाड्यांत बाळंतपणं करत फिरणाऱ्या डॉक्टरणीला हा रंग परवडायचा नाही. आईचं म्हणणं खरं ठरतं, फक्त त्याला वेळ लागतो.

गुणवंतभाऊ गाडी चालवत आणि मी मागे झोपत असे. आमच्या तालुक्यातल्या कुठल्या रस्त्यावर कुठे खड्डा आहे हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मला तो कधी लागलाच नाही. गाव आलं की ते हलक्या आवाजात म्हणत, "बाई, आलं." मग मी आत जाई आणि लेकरू रडल्याचा आवाज येईपर्यंत ते बाहेर गाडीत बसून राहत. बाईंचा हात हलका आहे, असं लोक म्हणतात. हलका असणारच. मी झोप काढून आलेली असे.

यंदा उन्हाळ्यात त्यांची नजर अधू झाली आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. दुसरा ड्रायव्हर ठेवायला माझं मन घेईना, म्हणून मी स्वतःच गाडी काढायला बसले. सीटला पाठ टेकली मात्र, माझे खांदे गळाले, पापण्या जड झाल्या आणि क्लच दाबायलाही पायात जीव उरला नाही. फाटकापर्यंतसुद्धा गाडी गेली नाही. आईने येऊन मला हाताला धरून बाहेर काढलं, तर बाहेर मी ठणठणीत.

त्याच आठवड्यात त्यांची बायको वच्छलाबाई आली. म्हणाली, "बाई, यायच्या डोयाले डोया लागत नाही. रातभर अंगण झाडतात. आपलं झालं की शेजाऱ्याचं झाडतात." मी झोपेच्या गोळ्या दिल्या. उपयोग झाला नाही. गोळी थकलेल्या माणसाला झोपवते, आणि गुणवंतभाऊंच्या अंगात थकवाच नव्हता. माणूस वाळत चालला होता आणि अंगणं तेवढी लख्ख होत होती. हे असंच चाललं तर दिवाळीपर्यंत काय उरेल, हे मला डॉक्टर म्हणून दिसत होतं.

तेव्हा मी नगरपालिकेच्या श्रांती विभागात अर्ज दिला. हा विभाग जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारीच आहे. तिथल्या उमाळे मॅडम पाहणीला आल्या, नियमाप्रमाणे चपला काढून सीटवर बसल्या आणि पाहता पाहता घोरू लागल्या. आईने त्यांना चहा देऊन उठवलं. त्यांचं मत असं पडलं, की थकवा अस्सल आहे, एकाच माणसाचा आहे आणि तो नष्ट करता येत नाही, मूळ मालकाला परतच करावा लागतो. तान्ह्या पोळ्यापर्यंत परत झाला नाही, तर तो बेवारस धरून त्याचा लिलाव होईल. लिलावाला गिऱ्हाईक कमी नसतं. बाजारपेठेत झोप न येणारी माणसं पुष्कळ आहेत.

थकवा काढायची रीत सोपी असते. सीट साफ करणारा माणूस मऊ ब्रशने फेस करतो, थकवा फेसात उतरतो, तो फेस डब्यात भरून मालकाच्या उशाला ठेवायचा. मग सीट सावलीत वाळवून तिला कंडिशनर लावायचं, की झालं. बसस्टँडमागे नौशादचं सीटकव्हरचं दुकान आहे, त्याला सांगितलं. त्याच्याकडे कामं तुंबली होती, तो पोळ्याच्या सकाळी येतो म्हणाला. पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे वेळ पुरेसा होता.

आईला मात्र तेवढाही धीर नव्हता. आमच्याकडची शेती आणि बैल कधीच गेले, पण पोळ्याच्या आदल्या दिवशी तिचे हात शिवशिवतात. तिने लोण्यात हळद कालवून ती गरम केली, पळसाची पानं आणली आणि बैलाचे खांदे शेकतात तसे त्या सीटचे खांदे शेकले. पाठ टेकते ती जागा, डोकं टेकते ती जागा, सगळीकडे लोणी चोळून जिरवलं. मग हात जोडून रीतीप्रमाणे आवतणही दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी दवाखान्यातून आले तेव्हा कणकेच्या रंगाची सीट पिवळीजर्द झाली होती आणि गाडीला फोडणीचा वास येत होता.

मी काही बोलण्याआधी आई म्हणाली, "इतकी वर्षं तुला ओढलं बिचारीनं. तिला कोणी जेवायला ये म्हटलं का कधी?"

मी गाडीच्या काचा खाली केल्या.

सकाळी नौशादने दार उघडलं आणि सीटवरून बोट फिरवून त्याचा वास घेतला. "अम्मा," तो म्हणाला, "आधी मळ काढतात, मग चामड्याला तेल पाजतात. तुम्ही मळावरच पाजलं. आता आतलं आतच बसलं." तरी त्याने प्रयत्न सोडला नाही. फेस केला, पुसला, पुन्हा केला. फडकी पिवळी झाली. प्रत्येक वेळी आम्ही फेसावर वाकून पाहिलं, पण कोणाला साधी जांभईसुद्धा आली नाही. मागची सीटही त्याने त्याच हाताने साफ केली. तिच्यातून माझ्या केसांच्या पिना निघाल्या, थकवा कणभरही नाही.

वच्छलाबाई रिकामा डबा घेऊन ओसरीवर बसली होती. तिने तो डबा पदराने पुसून पुन्हा मांडीवर ठेवला, ते पाहून आईचा चेहरा उतरला. आई उठून आत गेली, पुरण वाटायला बसली आणि वाटता वाटता तशीच बाहेर आली.

"आवतण दिलं अन् वाढलं नाही," ती म्हणाली. "तो थकवा कसा उठेल? रुसून बसला आहे."

तिच्या बोलण्यात काहीच चूक नव्हती. मी उमाळे मॅडमना घरी फोन लावला. सुट्टीचा दिवस असूनही त्यांनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, की आवतण जरी सीटला दिलेलं असलं तरी आत थकवा ज्याचा आहे, पाहुणा तोच धरला जातो. जेवण त्याच जागी वाढावं लागेल, आणि वाढणाऱ्याने आग्रह करावा, कारण आग्रहाशिवाय केलेली परतफेड विभाग ग्राह्य धरत नाही.

वच्छलाबाई नवऱ्याला आणायला गेली. गुणवंतभाऊ पायी आले आणि फार भरभर आले, थकवा नसलेला माणूस चालतो तसे. हाडं तेवढी उरली होती. येताच त्यांनी सवयीने माझ्यासाठी गाडीचं मागचं दार उघडून धरलं. मी ते लावलं आणि त्यांच्यासाठी पुढचं उघडलं.

"आज तुम्ही बसा, भाऊ. जेवायला बोलावलंय."

त्यांनी पिवळ्या सीटकडे पाहिलं. "बैलाले देतेत ते आवतण सीटले देलं तुम्ही?"

"तुम्हालाच होतं ते," आई म्हणाली. "पत्ता तेवढा चुकला."

ते बसले. आईने ताट त्यांच्या मांडीवर दिलं. पुरणपोळी, कढी, वडे. ते इतकी वर्षं आमच्याकडे होते, पण जेवायचे ते स्वतःच्या डब्यातलं आणि बोनेटपाशी उभ्याने. आग्रह करायचा म्हणून मी तुपाची वाटी घेऊन गाडीच्या दाराशी वाकले. वाटीतलं तूप चमच्याने ढवळलं. शेवटी म्हणाले, "भाऊ, मला एकही खड्डा कधी लागला नाही."

"लागू नये म्हणूनच तर होतो ना बाई," ते म्हणाले, आणि त्यांनी तूप घेतलं.

दुसऱ्या पोळीला त्यांचे खांदे खाली आले. तिसरीला त्यांनी जांभई दिली, ती पाहून वच्छलाबाईने डबा जमिनीवर ठेवला. ताट अर्धं असतानाच त्यांनी मान मागे टेकली.

"जरा टेकतो. बोलावणं आलं तर उठवा."

"नाही उठवणार," मी म्हणाले.

ते झोपले. आईने हलकेच ताट काढून घेतलं. वच्छलाबाई तिथेच फाटकाला धरून रडली, आणि मलाही रडू आलं. संध्याकाळी पोळा सुटला. आमच्या घरासमोरून बैल जाताना लोकांनी त्यांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा हातांनी धरून ठेवल्या. उमाळे मॅडमनी रस्त्यावरूनच काचेतून पाहिलं, खात्री केली आणि लिलाव रद्द झाल्याचं कळवलं. मला मध्ये एका बाळंतपणाला जावं लागलं, तेव्हा मी ऑटोने गेले. सगळे खड्डे लागले. ते कुठे कुठे आहेत हे आता मला माहीत आहे.

तान्हा पोळा उलटून गेला तेव्हा गुणवंतभाऊ जागे झाले. म्हणाले, अजून थोडी बाकी आहे, घरी जाऊन पुरी करतो. मी त्यांना मागे बसवलं. मागच्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. पुढे मी बसले. सीट आता नुसती सीट होती, मऊ आणि हलकी. हळदीचा डाग काही निघणार नाही, असं नौशादचं मत आहे, आणि मलाही तो काढायचा नाही.

खड्डे चुकवत मी गाडी हळू नेली. त्यांच्या घराशी पोचून हलक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, आलं." पण मागे वळून पाहिलं तर ते पुन्हा झोपले होते. वच्छलाबाई दारात आली. मी तिला हाताने थांबवलं, इंजिन बंद केलं आणि त्यांची झोप होईपर्यंत गाडीत बसून राहिले.