कमळराणी जेली आणि पोतंभर प्रतिसाद

सकाळचे नऊ वाजले तरी नवलच्या जेलीला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

साल एकोणीसशे सदतीस. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा ऐन भरात होती. याच गावचा नवल दोन वर्षांपूर्वी मुंबईला गेला आणि 'कमळराणी जेली' कंपनीचा प्रचारक होऊन परतला. हिंदुस्थानात बाकी सगळं आहे, फक्त हलणारी मिठाई नाही, असा शोध या कंपनीला लागला होता. तिने नवलसोबत एक रंगीत पाटी, दहा खोकी डब्या आणि 'प्रचारकांस सूचना' नावाचं पुस्तक पाठवलं होतं. शिवाय, ही यात्रा वाया गेल्यास आपण पुन्हा मुंबईस येण्याची तसदी घेऊ नये, असं अत्यंत सभ्य भाषेत कळवलंही होतं.

नवलने पहाटे डब्यांतली पूड गरम पाण्यात विरघळवून परातीत जेली लावली. तापीकाठच्या थंडीने ती झकास जमली. लालभडक, आणि टेबलाला धक्का लागला की थरथरणारी.

"हाई जित्तं शे का रे?" दिलवरसिंग बापूंनी दोन पावलं मागे सरून विचारलं. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि मिशांना त्याहून जास्त.

"नही बापू, मिठाई शे. फुकट शे. खाई देखा."

"मंग थरथर काबर करी ऱ्हायनं?"

"तेच तर तेनं कौतुक शे!"

"आमना घरमा कोनी थरथरनं, ते वैदकडे लई जातस," बापूंच्या पत्नी जमनाबाई म्हणाल्या. पण फुकट हा शब्द त्यांनीही ऐकला होता. त्यांनी चमचा उचलला.

तेवढ्यात बापूंनी विचारलं, "येनामा टाकेल काय शे?"

सूचनांच्या पुस्तकात याचं उत्तर होतं: 'घटकांविषयी पृच्छा झाल्यास स्मित करावे.' नवलने स्मित केलं. तसं स्मित करणारे घोडेविके बापूंनी आयुष्यभर पाहिले होते. त्यांनी ताबडतोब करणसिंग गुरुजींना बोलावलं.

गुरुजी म्हणजे गावातलं इंग्रजी. त्यांनी डबी उलटीसुलटी केली, बारीक अक्षरांतला 'जिलेटिन' हा शब्द शोधला आणि शाळेतून शब्दकोश आणायला गेले. ते परत येईपर्यंत गर्दी तिप्पट झाली.

"हाडे, कातडी इत्यादी उकळून काढलेला चिकट पदार्थ," गुरुजींनी शुद्ध भाषेत वाचलं.

"आनि खूर?" मागून कुणीतरी विचारलं. घोड्यांच्या यात्रेत दुसरं काय सुचणार?

शब्दकोशात खूर नव्हते. पण 'ठाऊक नाही' म्हणायची गुरुजींना सवय नव्हती. "'इत्यादी'मध्ये खूर येतात," त्यांनी निकाल दिला.

जमनाबाईंनी चमचा टाकला, हात धुवायला थेट तापी गाठली आणि तिथून त्या परस्पर घरी गेल्या. धर्म बुडाल्याची ओरड उठली. आता मार पडणार म्हणून नवलने डोळे मिटले.

तेवढ्यात नथ्थू नालबंद पुढे सरकला. चार दिवस तो घोड्यांचे खूर तासून नाल ठोकत होता, आणि तासलेल्या तुकड्यांचा त्याच्या मागे ढीग साचला होता. त्या ढिगाला कुत्र्यांखेरीज गिऱ्हाईक नव्हतं.

"मंग कंपनी खूर इकत लेस का?" त्याने विचारलं.

ओरड एकदम थांबली. घाबरलेल्या नवलने पुन्हा पुस्तकातलं स्मित केलं. नथ्थूने ओळखलं, भाव ठरायचाय. तासाभरात तो पहिलं पोतं घेऊन आला.

"घोडा मन्हा, खूर मन्हा, मंग पोतं तुन्हं कसं?" बापूंनी त्याला अडवलं. ज्यांचा धर्म आत्ताच बुडाला होता, त्या बापूंनी दुपारपर्यंत आपल्या चारही घोड्यांचे खूर पुन्हा तासून घेतले. मग सगळ्या यात्रेनेच घेतले. तीनच्या सुमारास नवलपुढे पोत्यांची रांग लागली.

"कंपनी खूर लेत नही!" नवल घसा फोडून सांगत होता.

"भाव पाडी ऱ्हायना तो," बापूंनी रांगेला धीर दिला.

अशा वेळी दोंडाईचा स्टेशनवर उतरून, धुळीने माखलेले, जाहिरात खात्याचे साहेब येऊन थडकले. गर्दी पाहून ते जागीच थबकले.

"नवल, एवढी माणसं! आणि ही पोती?"

"साहेब, त्यांचं म्हणणं असं आहे की..."

"कळलं मला त्यांचं म्हणणं! डब्यांनी भागत नाही त्यांचं!"

साहेबांनी कॅमेरा काढला. बापूंनी मिशीला पीळ देऊन, पोतं खांद्यावर घेऊन, सर्वांत पुढे फोटो दिला. साहेब आल्या पावली परत गेले. जेली त्यांनीही खाल्ली नाही. कंपनीत तशी पद्धत नव्हती. भाव न करताच साहेब गेलेले पाहून लोकांनी पोती नवलपुढे ओतली आणि त्याला शिव्या देत घर गाठलं.

दोन महिन्यांनी वर्तमानपत्रात अर्धं पान जाहिरात आली. 'खानदेशात कमळराणीची लाट! जेली नेण्यास शेतकरी पोती घेऊन लोटले!' वर फोटोत बापू. नवल मुख्य प्रचारक झाला आणि नवा कोट घालून गावी आला, तोच बापूंचा निरोप आला.

बापू ओसरीवर बसले होते, जमनाबाई दारात उभ्या होत्या. बापूंच्या मिशांचा पीळ उतरलेला.

"नवल, तुन्ही काकी तीन दिनफाईन मन्हासंगे बोलत नही. सांग तिले, पोतामा काय व्हतं."

"खूर व्हतात, काकी," नवल म्हणाला.

जमनाबाईंनी वर्तमानपत्र त्याच्यापुढे ठेवलं. "आठे काय छापेल शे? जेली. मंग खोटं कोन बोली ऱ्हायनं, तू का तुन्ही कंपनी?"

नवलने बापूंकडे पाहिलं. मग आपल्या नव्या कोटाकडे पाहिलं.

"कंपनी खोटं बोलत नही, काकी."

जमनाबाई सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

"आते सांगा. पोतंभर जेली कोना घर पोचाडी?"