आप्पांची गंगी

१२ जानेवारी, रविवार. संक्रांतीचे तीळ निवडत बसले होते. शेजारचे शंकरआप्पा आले, माझ्या परातीतला गुळाचा खडा उचलला आणि कुजबुजले, "गंगीला."

मी हबकलेच. एक तर आप्पा कुजबुजले. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस, रस्त्यात "बरं हाय का आक्का?" म्हणाला तरी आमच्या अर्ध्या अनगोळला ऐकू जातं. आणि गंगी नावाचं आमच्या घरात कुणी नाही.

गंगी हे खेचर. तेही गोष्टीतलं. माझी मुलगी रेवा दर रविवारी मैत्रिणींना जमवून फाशांचा खेळ मांडते. ती गोष्ट सांगते, बाकीच्या पात्रं होतात, जमलं की फसलं ते फासा ठरवतो. कुणी योद्धा, कुणी चेटकीण. काकू गेल्यापासून आप्पा एकटे, म्हणून तिनं त्यांनाही बसवलं. ते म्हणाले, "मी आपलं सामानाचं जनावर सांभाळतो." तेव्हापासून पोरी राक्षस मारत असतात आणि आप्पांचं मध्येच, "गंगीनं अजून पाणी प्यालं न्हाय."

आज झोपलेल्या राक्षसाच्या गुहेतून जायचं होतं. आप्पांनी फाशाखाली टॉवेल अंथरला. आवाज नको!

"घंटेत चिंधी कोंबली. खुरांना गोणपाट बांधलं. आता एकदम हात लावू नका गं. आधी 'मी हाय' म्हणायचं, मग हात. दचकतीया ती."

फासा पडला. एक. म्हणजे पार फसलं.

"गंगी ओरडली," रेवा म्हणाली. "राक्षस जागा झाला."

"सोडा तिला!" चेटकीण म्हणाली. "तो तिला खाईपर्यंत आपण बाहेर."

"सोडून?" आप्पांचा चेहरा पांढराफटक. "घाबरून वरडली ती. मुद्दाम वरडतंय व्हय कुणी?"

उठले आणि अनवाणीच गेले.

मी त्यांच्या चपला घेऊन मागोमाग गेले. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. ती मी कधीपासून बघते. आप्पांचं एक खूळ म्हणून सोडून दिलं होतं. आत काकूंच्या रिकाम्या पलंगाशेजारी खुर्ची. तिच्या चारी पायांना गोणपाट.

मी दारातच थिजले. पक्षाघातानंतर काकू जरा खुट्ट झालं की किंचाळायच्या. भिंतीपलीकडून मला ते ऐकू यायचं, वैतागही यायचा. पण त्या घरातून आप्पांचा आवाज आल्याचं काही केल्या आठवेना.

"पावणे म्हणायचे, कुठंतरी नेऊन ठेव तिला," आप्पा पाठमोरेच बोलले. "एवढं वरडती म्हणून."

चपला ठेवल्या आणि परतले. रेवाला सांगितलं, गंगी गुहेतून बाहेर आली पाहिजे.

"आई, पण फासा..."

"फासा गेला खड्ड्यात."

१३ जानेवारी, सोमवार. सकाळी चहा आणि गुळाचा खडा घेऊन गेले. कडी वाजवली नाही. बाहेरूनच हळू म्हणाले, "आप्पा, मी हाय."

मग दार ढकललं.